निरंक गावाच्या सरपंचाले

नांदुरा
११ जानेवारी

शेखर,

प्रिय लिहिलं नाही. खोटं लिहायची सवय आपल्या घरात मले नाही, तुले आहे.

चौदा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून दचकू नको. तुया फोनवर मी ब्लॉक आहो. मंग काय करू? रजिस्टर पोस्टानं पाठवून राह्यली, पोचपावतीसकट. सरपंच माणूस तू, ओट्यावर दहा लोक बसलेले असतात, त्यायच्यासमोर पोस्टमनले परत कसा धाडशीन?

कामाचं सांगते. हर्षल आता एकोणीसचा झाला. तुले एक भाचा आहे हे आठवत असन तं. त्याचा आजार होता तसाच आहे. हिमोफिलिया जन्माचा असते, तो जाणार कुठी? जरासं लागलं की सांध्यात रक्त उतरते अन् शिरेतून फॅक्टरचं, म्हणजे रक्त गोठवायचं, इंजेक्शन दिल्याशिवाय थांबत नाही. त्या इंजेक्शनापायी आम्ही इतकी वर्षं अकोल्याले गेलो, पोराचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन, एसटीच्या मागच्या सीटवर. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की पोरगं ओरडे अन् लोक म्हणत, बाई, पोट्ट्याले नीट धरा नं.

आता आमची आजारवाल्यांची संघटना आहे. तिची सचिव मी आहो. हाव, मीच. बारावीत दोनदा नापास झालेली दीपमाला. सहा वर्षं अर्ज केले, मुंबईले दोनदा जाऊन साहेबांच्या दारात बसलो, तवा मागच्या दिवाळीत इथी केंद्र सुरू झालं. एक खोली, एक फ्रीज अन् सिंधूताई नावाची नर्स. पण नवीन कागद आला आहे. ३१ मेपर्यंत या भागातून तीस जणांची नोंद झाली तं केंद्र कायम. नाही झाली तं फ्रीज उचलून नेतीन अन् आम्ही पुन्हा अकोल्याच्या एसटीत. औषधही नावावरच येते, जितकी नावं तितक्या बाटल्या. आज आमच्यापाशी चोवीस नावं आहेत.

म्हणून मी गावोगावच्या सर्व्हेचे कागद मागवले. त्यात तुया गावाचा निघाला. ‘रक्तस्रावाच्या आजाराचे रुग्ण’ असं छापलं आहे, त्याच्यापुढं निळ्या शाईत एकच शब्द, निरंक. खाली तुयी सही, वर गोल शिक्का.

निरंक! अरे, ते लिहितांना तुया कोपर तरी दुखला नाही काय? तो उजवा कोपर, जो आजही सरळ होत नाही? लोकांले सांगतं, लहानपणी बैलानं ढकललं होतं. तू सात वर्षांचा होता तवा आपल्या घरी बैल नव्हताच. वीतभर उंचीच्या ओट्यावरून पडला होता तू. बारा दिवस मायनं अन् मी तुया हात उशीवर धरून ठेवला होता. भाजीच्या गाडीसंगं पुण्याले जातं अन् तिथी खाजगीत गुपचूप इंजेक्शन टोचून येतं, हेही मले माहीत आहे. मले सगळंच माहीत आहे, बाप्पा.

अन् हर्षल पाच वर्षांचा असतांना दवाखान्यात काय झालं ते तुले माहीत आहे. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टरनं विचारलं, मामाकडं कोणाले रक्त न थांबायचा त्रास आहे काय? माया सासू तिथीच उभी होती. तू माया अगोदर बोलला, “आमच्या खानदानात असं काही नाही साहेब.” डॉक्टरले वाटलं पू झाला, त्यानं चिरा दिला. नऊ दिवस रक्त थांबलं नाही. पोरगं वाचलं, गुडघा नाही वाचला. एकोणीस वर्षांचं पोरगं कुबडी घेऊन कॉलेजले जाते, शेखर.

काऊन बोलला खोटं, हे मले तेव्हाच समजलं होतं. बापाले हा आजार असला की त्याच्या पोरीच्या रक्तात तो येतेच. डिंपल आठ वर्षांची होती अन् तुले तिच्या लग्नाची पडली होती. आठ वर्षांच्या पोरीच्या लग्नापायी तू माया पाच वर्षांच्या पोराचा गुडघा दिला.

तुया गावात आणखी तीन घरं आहेत, तुले अन् मले दोघांले माहीत आहेत. मी त्यायच्याकडं गेली होती. तिघं एकच बोलले, सरपंचानं निरंक लिहिलं, आता आम्ही कसं लिहू? सरपंच सही करन तं आम्ही करू.

फॉर्म सोबत आहे. सही करून पाठव. नाही पाठवला तं ३० मार्चच्या मेळाव्यात मी माईकवर नावं वाचणार आहो, अन् पहिलं नाव तुयं राहीन.

दीपमाला
(ताई म्हणायचा हक्क तुया गेला.)


नांदुरा
२ फेब्रुवारी

शेखर,

पोचपावती आली. फॉर्म आला नाही. सही मात्र मस्त करतं तू, खाली दोन रेघा ओढून.

तुयाऐवजी मायचा फोन आला. रडून राह्यली होती. म्हणते, डिंपल सहा महिन्यांची पोटुशी आहे, जळगाव जामोदले सासऱ्याच्या, हिंमतरावच्या घरी हे कळलं तं पोरीले आणून दारात सोडतीन, तू असं करू नको वं माय. मायले पुढं करायचं तुयं जुनं आहे. आंबे चोरले तवाही तू मायच्याच मागं लपला होता.

डिंपलचं लग्न झालं हे मले फेसबुकवर समजलं. हळदीले आत्या लागते नं रे? आत्याची जागा कोणी भरली? भाड्यानं आणली काय? फोटोत सगळे दिसले, तुया कारखान्यावरचा दोस्तही दिसला. मीच नव्हती, कारण मी आली असती तं संगं कुबडीवाला हर्षल आला असता, अन् कोणी तरी विचारलं असतं, याले काय झालं?

एक बातमी देते, पाणी पिऊन वाच. मेळाव्याले पाहुणा म्हणून मी तुया व्याह्याले बोलावलं आहे. बियाण्याचं मोठं दुकान आहे, तालुक्यात नाव आहे, म्हटलं अशी माणसं पाहिजेत आपल्या कामाले. फोनवर लय गोड बोलले. “येतो नं बाई, चांगल्या कामाले नाही कसं म्हणू?” पहिल्या रांगेत बसवीन त्यायले. माईक माया हातात राहीन.

रोज सकाळी मेथीच्या जुड्या बांधतांना मी ते भाषण करते, मनातल्या मनात. हिंमतराव तोंड वळवून तुयाकडं पाहतात इथपर्यंत येते अन् थांबते. भल्लं बरं वाटते. चौदा वर्षांत इतकं बरं मले कशानं वाटलं नाही.

निवृत्ती, म्हणजे तुया भाऊजी, म्हणते, सोड. हर्षलही म्हणते, आई, सोड. त्यायले काय जाते सोड म्हणायले.

फॉर्म पाठव. नाही तं पुढचं पत्र पोस्टकार्डावर येईन. पोस्टमन वाचन, त्याची बायको वाचन, मंग पिठाची गिरणी वाचन.

दीपमाला


पोस्टकार्ड
१४ फेब्रुवारी

मा. सरपंच साहेब, स. न.

उजवा कोपर कसा आहे? थंडीत जास्त दुखते म्हणतात. बैलाले माया नमस्कार सांगजा.

दीपमाला, नांदुरा


नांदुरा
९ मार्च

शेखर,

काल जळगाव जामोदले गेली होती. निमित्त मेळाव्याच्या पत्रिकेचं. खरं सांगते, पत्रिका पोस्टानंही गेली असती. मले मेळाव्यापर्यंत दम निघाला नाही. हिंमतरावच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, काउंटरवर हात ठेवून मले म्हणायचं होतं, तुमच्या व्याह्याले हिमोफिलिया आहे, त्यानं तुम्हाले फसवलं. एसटीत बसून वाक्य पाठ केलं. आसलगाव येईपर्यंत तोंडपाठ झालं होतं.

दुकानात खताच्या गोण्या उतरत होत्या. हिंमतरावनं खुर्ची दिली, आतमध्ये आवाज दिला, “सूनबाई, चहा आण वं.” अन् डिंपल आली. सातवा महिना, तोंड सुकलेलं. मले पाहून ट्रे तसाच धरून उभी राह्यली. “आत्या?” म्हटलं तिनं. आठ वर्षांची असतांना शेवटची दिसली होती मले, तरी ओळखलं.

कप घेतांना मी तिच्या हाताकडं पाह्यलं. कोपरापासून मनगटापर्यंत निळे-हिरवे डाग, रुपयाएवढे. मी विचारलं, हे काय झालं वं? तं म्हणते, “काही नाही आत्या, मले लहानपणापासून असंच होते. जरा कुठी धडकलं की निळं पडते. पप्पा म्हणते, रक्त कमी आहे, बीट खात जा.”

बीट! शेखर, बीट? तू स्वतः पुण्याले जाऊन इंजेक्शन घेतं अन् पोरीले बीट?

मायं पाठ केलेलं वाक्य कुठी गेलं मले समजलं नाही. मी तिले आतल्या खोलीत घेऊन गेली अन् एक एक विचारलं. दाढ काढली तवा तीन दिवस रक्त आलं होतं. पाळी दहा-दहा दिवस चालते. तिच्या रक्तात नुसता आजार नाही, तिचं स्वतःचं फॅक्टर कमी आहे, हे शिकल्याशिवायही समजते. अशा बाईचं बाळंतपण म्हणजे काय, हे मले संघटनेत बसून पाठ झालं आहे. दाईले माहीत नसलं, डॉक्टरले माहीत नसलं, कोणी बाळाच्या डोक्याले चिमटा लावला, मागून रक्त थांबलं नाही, तं दोघंही जातात. अन् तू तिले पहिल्या बाळंतपणाले तुया गावी नेणार होता. निरंक गावात.

मी तिले सगळं सांगतलं. हर्षलचं, तुयं, दवाखान्यातलं. तिनं एकच विचारलं, “पप्पाले माहीत होतं?”

मी हाव म्हटलं. मले वाटलं होतं, हे म्हणतांना मजा येईन. आली. खोटं कायले सांगू? तिचं तोंड पाह्यलं अन् गेली.

हिंमतराव दारात उभे होते, कधीपासून होते कोणास ठाऊक. मी म्हटलं, आता ऐकलंच आहे तं ऐका. ते आतमध्ये आले. मंग म्हणले, “लग्नाआधी सांगतलं असतं तं मी काय केलं असतं, मले नाही माहीत बाई. कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण आता ती आमची आहे. तिले काही झालं तं मी शेखररावले सोडणार नाही.” अन् लगेच फोन काढून मले विचारलं, तपासणी कुठी होते, उद्याच नेतो.

ऐकलं? ज्या भीतीपायी तू माया पोराले लंगडं केलं, ती भीती एका माणसानं खताच्या गोण्यांमधी उभं राहून दोन मिनिटांत संपवली. तुले चौदा वर्षं जमलं नाही.

दीपमाला


नांदुरा
६ एप्रिल

शेखर,

तपासणी झाली. डिंपलचं फॅक्टर कमी निघालं. तिची नोंद केली, नाव वर पाठवलं, अन् मेळाव्यात आणखी दोन नावं भेटली. सत्तावीस झाले.

मेळाव्यात मी तुयं नाव घेतलं नाही. माईक हातात होता, हिंमतराव पहिल्या रांगेत होते, सगळं जमलं होतं. डिंपलनं आदल्या दिवशी फोन करून सांगतलं, “आत्या, पप्पाचं नाव तू नको घेऊ. त्यायनं स्वतः सांगतलं पाहिजे.” म्हणून गिळलं.

मंगळवारी तू गाडी घेऊन तिले आणायले गेला होता म्हणे. सोबत पेढे अन् हिरवी साडी. अन् तिची बॅग भरलेली नव्हती. तू ओसरीत तासभर बसला, तिनं तुयासमोर चहाही ठेवला नाही, सासूनं ठेवला. तू रिकामी गाडी घेऊन परत गेला. मले हे हिंमतरावनं सांगतलं, मी दोनदा सांगायले लावलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होते, तशी आपली रीत आहे. डिंपलनं रीत मोडली नाही, माहेर बदललं. शुक्रवारपासून ती माया घरी आहे. केंद्र इथून दहा मिनिटांवर आहे अन् सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईले सगळं लिहून दिलं आहे. काल तुया फोन आला, तिनं उचलला नाही, मी उचलला. तू “हॅलो बेटा” म्हटलं. तू चार वेळा “बेटा, बेटा” केलं. मी ऐकत राह्यली अन् ठेवून दिला.

आता एक गोष्ट, जी मी आजपर्यंत कोणाले सांगतली नाही. काल डिंपलनं जेवतांना विचारलं, “पप्पा खोटं बोलले तवा आत्या तू काऊन नाही बोलली?” घास हातात राह्यला माया. तेव्हा दवाखान्यात मायही होती, तिनं माया हात दाबला होता हे खरं आहे. पण मायचा हात काय लोखंडाचा होता? सासू बाजूले होती. मले वाटलं, खरं निघालं तं ही म्हणन, तुया माहेरचं सडकं रक्त आमच्या घरात आणलं, अन् मले हाकलून देईन. तू आधी बोलला, मी मागून गप्प राह्यली. सासूनं नंतर हाकललं नाही, ते वेगळं.

हे वाचून तुले बरं वाटन. वाटू दे. तुया गुन्हा त्यानं कमी होत नाही. माया वाढते, बस.

दीपमाला


नांदुरा
१७ मे

शेखर,

पाच तारखेले डिंपलले मुलगा झाला. सव्वातीन किलोचा. डॉक्टरबाईनं चिमटा लावला नाही, काही नाही, नीट झालं. हिंमतरावनं आख्ख्या दवाखान्यात जिलेबी वाटली. तुले कोणी कळवलं नाही, कारण मी कळवू दिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिले रक्त सुरू झालं. चादर बदलली, पुन्हा तेच. डॉक्टरबाई म्हणल्या, फॅक्टर पाहिजे, आत्ता. केंद्रात सिंधूताईनं फ्रीज उघडला. चार बाटल्या होत्या, चारही हर्षलच्या नावाच्या. डिंपलचं नाव नवीन, तिचं औषध जूनशिवाय येत नाही. अकोल्याहून मागवलं तं अडीच तास. सिंधूताई म्हणली, “दुसऱ्याच्या नावाचं द्यायचं तं रोग्यानं लिहून द्यावं लागते. ताई, काय करू?”

अन् मी बोलली नाही.

वाच नीट. मी बोलली नाही. आतमध्ये तुयी पोरगी होती, पांढरी पडून राह्यली होती, अन् माया डोक्यात फक्त हे चालू होतं की चार बाटल्या गेल्या तं माया पोराले काही झाल्यावर मी काय करू? अन् याच्या खाली आणखी एक होतं. शेखरले समजू दे, कसं वाटते. ते मी घड्याळात पाह्यलं नाही, पण एक मिनिट असन. दवाखान्यात एक मिनिट लय मोठं असते.

हर्षल माया मागं उभा होता. त्यानं कुबडी टेबलाले टेकवली, कागद ओढला अन् लिहून दिलं. चारही. मी दिल्या नसत्या, शेखर. निदान लगेच दिल्या नसत्या. ज्याचा गुडघा तू घेतला, त्यानं तुयी पोरगी वाचवली. दुपारपर्यंत रक्त थांबलं.

तेरा तारखेले हर्षलच्या चांगल्या गुडघ्यात रक्त उतरलं. डावा, जो धड होता तो. फ्रीज रिकामा. हिंमतरावनं स्वतः जीप काढली, अकोल्याले नेलं, पण चार तास गेले. आता बर्फ लावून पडला आहे. चालता येईन का, ते महिन्याभरानं समजन. मी त्याले रागानं म्हटलं, कायले दिल्या रे सगळ्या? तं म्हणते, “आई, दोनच दिल्या असत्या तं दोघंही अर्धे वाचलो असतो काय?” त्याले राग येत नाही. त्याच्या वाटचा मलेच येते.

काल बाळाचा रिपोर्ट आला. त्यालेही आहे.

डिंपल रडली नाही. फॉर्म मागितला. यादीतलं सगळ्यात लहान नाव आहे ते, अजून नाव ठेवलं नाही म्हणून ‘डिंपलचं बाळ’ लिहिलं. अठ्ठावीस झाले. फॉर्मात एक रकाना आहे, आईच्या नात्यात हा आजार कोणाले? तिथी तिनं आपल्या हातानं पहिलं नाव लिहिलं. शेखर अर्जुनराव, सरपंच, नातं वडील. जे मले माईकवर ओरडायचं होतं ते तिनं पेनानं लिहिलं. मी बाजूले बसून पाह्यलं. मले वाटलं होतं तितकं सुख नाही झालं.

तुले मी माफ केलं नाही, करणारही नाही. पण एकतीस तारखेले चौदा दिवस आहेत. तू आला तं तुया गावातली तीनही घरं येतीन, अन् फ्रीज इथीच राहीन. नाही आला तं पुढच्या वेळी रक्त कोणाचं सुरू होईन, हर्षलचं का तुया नातवाचं, अन् एसटी वेळेवर भेटन का नाही, हे तू पाहून घे.

नातवाचं तोंड पाहायचं आहे असं मायनं सांगतलं. तू फोटो मागितला म्हणे. डिंपलनं नाही म्हटलं. तिचा निरोप जसा सांगतला तसा लिहिते, “पप्पाले म्हणा, बाळ घरी आहे, पण रस्ता केंद्रातून आहे.”

सिंधूताई दहाले येते. आधी तिच्या टेबलावर सही, मंग नातू. येतांना आधार कार्डाची झेरॉक्स अन् दोन फोटो आण.

ताई